गोव्यात राहून ट्रॅकची हलकी गाडी सांभाळायची तर: खर्चाचा हिशेब, पायरी पायरीने

जुनी सिंगल-सीटर रेस कार एखाद्या सेकंडहँड हॅचबॅकच्या भावात विकायला निघालेली दिसते आणि माणूस विरघळतो. पाचशे किलोची तर गाडी, तिला खाणार किती? बरोबर आहे, ट्रॅकवर ती फार खात नाही. गोव्यातल्या मालकाला ती खाते वाटेत आणि उभ्या उभ्या. गोव्यात अशा गाड्यांसाठी कायमचा रेस ट्रॅक नाही, हवा दमट आणि खारी, आणि वर्षातले चार महिने पाऊस. त्यामुळे चेन्नई-कोइमतूरचा माणूस टायरपासून हिशेब सुरू करतो, आपल्याला तो गाळ्यापासून आणि टेम्पोपासून सुरू करावा लागतो. ज्याने अजून गाडी घेतलेली नाही, पण घ्यायचं मनात पक्कं केलं आहे, त्याच्यासाठी हा लेख.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. पुढे जे रुपये लिहिले आहेत ते हिशेब कसा मांडायचा हे कळावं म्हणून धरलेले आकडे आहेत. तुमच्या हातात जी कोटेशनं येतील ती त्या जागी घाला.

पहिली पायरी: आधी जागा, मग गाडी

इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ही गाडी ठेवता येत नाही. ती जमिनीला घासून बसते, पोरं स्टिअरिंग धरून लोंबकळतात, आणि सोसायटीच्या सभेत पहिला विषय तोच निघतो. कुंडई, वेर्णे, थिवी अशा औद्योगिक वसाहतींत एखाद्याच्या गाळ्यातला कोपरा भाड्याने मिळाला तर उत्तम. आख्खा गाळा घ्यायची गरज नाही. साडेचार मीटर बाय अडीच मीटर जागा आणि भोवती फिरून काम करता येईल इतकी मोकळीक पुरे. महिन्याला पाच हजार धरले तर वर्षाचे साठ हजार झाले, गाडी एक फेरीही न मारता.

जागा बघायला जाताना दोन गोष्टी तपासा. पहिली, दाराशी चौदा फुटी आयशर मागे घेता येते का. म्हापशात किंवा फोंड्यात बाजाराच्या पाठीमागच्या गल्लीतला गाळा स्वस्त पडतो, पण तिथून गाडी ढकलत हमरस्त्यापर्यंत आणावी लागली की प्रत्येक वेळी चार माणसं शोधावी लागतात. दुसरी, भिंत आणि जमीन. चिऱ्याची भिंत बाहेरून गिलावा नसेल तर पावसात पाणी धरते आणि आतून घामेजते. शक्यतो जागा जुलै-ऑगस्टमध्ये बघा. मे महिन्यात सगळेच गाळे कोरडे असतात.

दुसरी पायरी: नेणार कशी?

ही गाडी आरटीओकडे नोंदलेली नसते, त्यामुळे ती सार्वजनिक रस्त्यावर चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ चा भंग आहे. पहाटे चारला मोपाच्या रस्त्यावर कोण बघतंय, असं कुणीतरी सुचवतंच. रस्त्यावर शर्यत लावली तर त्याच कायद्याचं कलम १८९ वेगळं आहे. शिवाय जिचं पोट जमिनीपासून जेमतेम पाच सेंटिमीटर वर असतं अशी गाडी आपल्याकडच्या गतिरोधकावर पोट टेकून बसते, हेही त्या सुचवणाऱ्याला सांगा.

म्हणजे गाडी कशावर तरी चढवून न्यायची. स्वतःचा ट्रेलर बनवून घेण्याची कल्पना सगळ्यांना आधी सुचते. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, त्याचीही नोंदणी लागते, आणि कंटेनरवाल्यांच्या रांगेत घाट चढताना मागे डोलणारं ओझं सांभाळणं नवख्याचं काम नाही. भाड्याचा ट्रक बरा.

छोटा हाथी बोलावू नका. वजन तो सहज उचलेल, पण त्याचा हौदा सात फुटांच्या आसपास आणि तुमची गाडी जवळपास तेरा फूट. गाडी हलकी झाली म्हणून आखूड होत नाही, आणि भाडं ठरतं ते लांबीवर. चौदा फुटी आयशर किंवा कार उचलणारा फ्लॅटबेड, यांपैकी एक लागणारच.

अंतरं बघा. पणजीहून कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे किनाऱ्याच्या रस्त्याने आठशेच्या आसपास आणि बेंगळुरूवरून गेलात तर साडेनऊशे किलोमीटरच्या घरात. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट नऊशेच्या आसपास. तळेगावजवळचा नाणोली ट्रॅक साडेचारशे-पावणेपाचशे, म्हणजे आपल्याला सगळ्यात जवळचा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली, तो हौस म्हणून आयुष्यात एकदा ठीक आहे, नेहमीच्या वहीत तो धरू नका.

आता कोइमतूरची एक फेरी मांडू. जाऊन-येऊन १,८०० किलोमीटर, किलोमीटरला पंचवीस रुपये धरले तर ४५,००० रुपये. ट्रक दोन दिवस तिथे थांबणार, त्याचं हॉल्टिंग चार हजार. झाले ४९,०००. यातला एक रुपयाही गाडीच्या वजनाशी संबंधित नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच.

ट्रकवाल्याशी भाव करण्याची एक रीत आहे. गोव्यातून दक्षिणेकडे माल नेणारे ट्रक परतीला भाडं शोधत असतात आणि तिकडून येणारेही. तारखेला दोन दिवस इकडे-तिकडे चालत असतील तर एका बाजूची रिकामी फेरी तुमच्या डोक्यावर बसत नाही. पण परतीच्या ट्रकमध्ये दुसरा मालही असतो. तुमच्या फायबरच्या नाकावर कुणीतरी सिमेंटच्या गोण्या रचल्या तर वाचलेले पैसे तिथेच गेले. हे ठरवताना तोंडी ठरवू नका.

बांधणीकडे स्वतः लक्ष द्या. एका टेम्पोवाल्याने पट्टा पुढच्या विशबोनवरून, म्हणजे चाक सांगाड्याला जोडणाऱ्या नळीच्या दांड्यावरून, घेऊन जीव खाऊन आवळला होता. आंबोलीच्या वळणांत गाडी हलू नये, एवढाच बिचाऱ्याचा हेतू. उतरवल्यावर दिसायला सगळं ठीक, पण अलाइनमेंट काही केल्या बसेना. शेवटी नळीवर सरळ पट्टी धरली तेव्हा मधोमध दीड-दोन मिलिमीटरची फट दिसली, नळी वाकली होती. तेव्हा पट्टे चारही चाकांच्या टायरवरून घ्यायचे, चाकांच्या मागेपुढे लाकडी ठोकळे हौद्याला ठोकून घ्यायचे, आणि घाट उतरल्यावर पहिल्या चहाला पट्टे पुन्हा तपासायचे. पट्ट्यांचा चांगला संच स्वतःचा विकत घ्या, ट्रकवाल्याचे दोर नकोत.

कागदपत्रांची फाइल गाडीबरोबर द्या: खरेदीची पावती, चॅसी आणि इंजिनाचे नंबर, ट्रॅकच्या बुकिंगची प्रत, तुमचं ओळखपत्र. पत्रादेवी, पोळे किंवा मोले नाक्यावर नंबरप्लेट नसलेली गाडी ट्रकवर दिसली की विचारणा होणार, आणि ड्रायव्हरला 'ही कसली गाडी' याचं उत्तर देता येत नाही. ई-वे बिल लागेल का, हे ट्रान्सपोर्टवाल्याला आणि तुमच्या सीएला आदल्या आठवड्यातच विचारून घ्या.

तिसरी पायरी: गाडी निवडताना इंजिनाचं गाव बघा

हलक्या ट्रॅक कारचे आपल्याकडे ढोबळ तीन प्रकार मिळतात. मारुतीचं इंजिन बसवलेली देशी सिंगल-सीटर, मोटरसायकलचं इंजिन बसवलेली गाडी, आणि बाहेरून आलेली.

पहिल्या प्रकाराला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती बनवली. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत गेलेल्या नारायण कार्तिकेयनची सुरुवात याच गाडीतून झाली. पुढे एलजीबी फॉर्म्युला ४ या देशी शर्यतीच्या गाडीत मारुतीचंच १,३०० सीसी इंजिन आलं. नवख्याने याच वाटेने जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण वॉटर पंप, क्लच प्लेट, हेड गॅस्केट, गिअरबॉक्सचे सिंक्रो हे सगळं पणजीच्या किंवा मडगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानात नाव सांगितलं की मिळतं किंवा दोन दिवसांत येतं. गॅरेजवाल्याने ते इंजिन शेकडो वेळा उघडलेलं असतं.

मोटरसायकलच्या इंजिनाची गाडी आणखी हलकी, आणि तिचा आवाज ऐकला की हिशेबाची वही बंद करावीशी वाटते. पण ते इंजिन दोनशे किलोची मोटरसायकल ओढायला बनलेलं. गाडीत त्याचा क्लच लवकर जातो, आणि लांब वळणात तेल एका बाजूला गेलं की बेअरिंग कोरडं पडतं. संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, आडपडदे बसवलेत का, हे विकणाऱ्याला विचारा. बाहेरून आणलेल्या गाडीला एक विशबोन हवं तरी विमानभाडं आणि कस्टम ड्युटी. तिच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, ज्याला ती परवडते त्याला हा लेख वाचायची गरज नाही.

इंजिनाचं मोठं काम, म्हणजे ब्लॉकचं बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग, हे गोव्यापेक्षा बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात करून घ्या. ओतकाम आणि मशीनिंग ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे. कोल्हापूरला कार्टिंगच्या शर्यतींमुळे मोटरस्पोर्टची जाणही आहे. फक्त एक करा: काम देताना मापं कागदावर लिहून द्या. 'रेसिंगसाठी टाइट ठेवा' असं तोंडी सांगितलंत तर प्रत्येकाचं टाइट वेगळं असतं.

चौथी पायरी: किलोमीटर नाही, तास मोजा

ट्रॅकच्या गाडीचा ओडोमीटर काही सांगत नाही. शंभर रुपयांची वही घ्या किंवा डॅशवर इंजिन-तासांचं छोटं मीटर लावा. प्रत्येक सेशननंतर मिनिटं लिहा, तेलाचं आणि पाण्याचं सर्वात जास्त तापमान लिहा, काय बदललं ते लिहा. ट्रॅक-डेला, म्हणजे शर्यत नसताना पैसे भरून ट्रॅकवर गाडी पळवायच्या दिवशी, दिवसभर असलात तरी प्रत्यक्ष गाडी पळते दीड तास, फार तर दोन. पंधरा-वीस मिनिटांची पाच-सहा सेशन होतात, बाकी वेळ गाडी थंड होते आणि माणसं गप्पा मारतात. दोन दिवसांच्या फेरीत तीन तास धरून चाला. पुढचा सगळा हिशेब या तीन तासांवर आहे.

पाचवी पायरी: ट्रॅकवरचा खर्च

पेट्रोलची सगळ्यांना धास्ती आणि तेच सगळ्यात किरकोळ. तेराशे सीसीचं इंजिन ट्रॅकवर तासाला पंधरा ते वीस लिटर पितं. तीन तासांचे चोपन्न लिटर धरा, लिटरला शंभर रुपये, म्हणजे साडेपाच हजार. दोन माणसांचं तिथलं राहणं यापेक्षा महाग पडतं.

टायरमध्ये गाडीच्या हलकेपणाची पहिली खरी मजा कळते. जड हॅचबॅक पुढचे टायर दोन दिवसांत खांद्यावर खाऊन टाकते, हलकी गाडी तेवढ्यात नुसती गरम होते. पण रेसिंग टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. प्रत्येक वेळी तापून थंड झाला की रबर थोडं कडक होतं. वरचं रबर बाकी असतं, पकड गेलेली असते, आणि नवखा म्हणतो अजून एक फेरी काढू. चाळीस हजारांचा संच नऊ तास चालला असं धरलं तर एका फेरीला साधारण तेरा हजार तीनशे. शिकायच्या वर्षात स्लिकऐवजी, म्हणजे बिनखाचांच्या रेसिंग टायरऐवजी, चांगले रस्त्याचे स्पोर्ट टायर वापरा. ते टिकतात, आणि घसरायच्या आधी आवाज करून सांगतात. आणखी एक, एमआरएफचा कारखाना आपल्या उसगावला आहे म्हणून तिथल्या गेटवर जाऊन रेसिंग टायर विचारू नका. ते त्यांच्या मोटरस्पोर्टच्या वाटेनेच घ्यावे लागतात.

ब्रेकचं गणित शाळेतलं आहे. चालकासकट ५५० किलोची गाडी ताशी १५० वरून ६० वर आणली तर ब्रेकना सुमारे ४०० किलोज्यूल उष्णता गिळावी लागते. १,१५० किलोच्या हॅचबॅकला त्याच जागी ८४०. म्हणून हलक्या गाडीचे पॅड आणि डिस्क टिकतात, तिथे खरंच पैसे वाचतात.

पण ब्रेक ऑइलमध्ये गोवा आडवा येतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू नवं असताना मानकानुसार किमान २३० अंश सेल्सिअस असायला हवा. तेच तेल ३.७ टक्के पाणी प्यायलं की मर्यादा १५५ अंशांवर येते. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते आणि गाडी चार महिने उभी. ऑक्टोबरात पेडल घट्ट लागतं, सगळं छान वाटतं, पहिली चार वळणंही छान जातात. पाचव्या वळणाला तेल उकळतं, वाफ दाबली जाते आणि पेडल फरशीला जाऊन टेकतं. त्यामुळे पावसाळ्यानंतर सगळं तेल बदलायचं, यात चर्चा नाही, आणि प्रत्येक फेरीआधी ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं. डॉट ५.१ घेतलंत तर मर्यादा २६० आणि १८० अशा वर जातात, किंमत फार वाढत नाही. लिटरचा डबा घेऊ नका, पाव लिटरच्या बाटल्या घ्या. झाकण उघडलेली बाटली उरली तर ती ट्रॅकच्या गाडीत पुन्हा घालायची नाही, स्कूटरवाल्या मित्रालाही देऊ नका. पॅड आणि तेल मिळून फेरीला पाच हजार धरा.

इंजिन ऑइल प्रत्येक फेरीनंतर बदलायचं. मुहूर्त पाहू नका, आणि काढलेलं तेल गाळून त्यात चमकणारे कण आहेत का ते बघा. फिल्टर कापून उघडा. तेल-फिल्टरचे चार हजार. ट्रॅकवर सतत मिनिटाला सहा-साडेसहा हजार फेऱ्यांवर फिरणारं इंजिन केव्हातरी उघडावं लागणार. फुल इंजिन कामाचे नव्वद हजार आणि तीस तासांनी ते काम, असं धरलं तर तासाला तीन हजार, म्हणजे फेरीला नऊ हजार आजच वेगळ्या खात्यात टाका. हे पैसे आज कुणी मागत नाही, म्हणूनच ते कुणी बाजूला ठेवत नाही.

चॅसी तपासायला खर्च थोडा, पण दुर्लक्ष महागात पडतं. नळ्यांच्या सांगाड्यात तडा जातो तो वेल्डिंगच्या कडेला, बहुधा विशबोनच्या कानांजवळ. डाय पेनिट्रंटच्या तीन डब्यांचा संच मिळतो. जागा साफ करायची, लाल द्रव मारायचा, दहा मिनिटांनी पुसायचा आणि वर पांढरी पावडर फवारायची. तडा असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटते. ती रेघ दिसली की गाडी बाहेर काढायची नाही. मांडवी-झुवारीच्या काठी बार्ज दुरुस्त करणाऱ्या यार्डांमुळे गोव्यात वेल्डर उत्तम आहेत, पण जाड प्लेटवर हात बसलेला माणूस दीड मिलिमीटरची नळी जाळून भोक पाडतो. पातळ नळीवर टिग वेल्डिंगचं काम करणाराच शोधा आणि आधी भंगार तुकड्यावर करून दाखवायला सांगा.

सहावी पायरी: अंगावरचं सामान

हेल्मेट, फायरप्रूफ सूट, हातमोजे, बूट, मानेचं हान्स उपकरण, सहा पट्ट्यांचा हार्नेस. मोटरसायकलचं हेल्मेट चालत नाही. आगीला टिकणारं, एफआयए (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) किंवा हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेच्या एसए मानकाचं लागतं. हार्नेसच्या लेबलवर मुदत छापलेली असते, ती संपली की पट्टा कितीही नवा दिसला तरी तपासणीत गाडी अडवतात. जुनी गाडी घेताना ही लेबलं आधी वाचा, विकणाऱ्याच्या 'सगळं कंडिशनमध्ये आहे' यात ती येत नाहीत. दीड लाखाचं सामान पाच वर्षांत वाटलं तर वर्षाला तीस हजार. हे वाचवायचं खातं नव्हे. फक्त ट्रॅक-डे नाही तर शर्यतीत उतरायचं असेल तर एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचा परवानाही लागेल.

सातवी पायरी: मिरगाआधी

जूनच्या पहिल्या आठवड्यात, शेतकरी नांगर बाहेर काढतो तेव्हा आपण गाडी आत बांधायची.

सुरुवात टाकीपासून. २०२५ पर्यंत देशभर पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पुरेसं पाणी झालं की पेट्रोल वर आणि पाणी-इथेनॉल खाली असे दोन थर होतात. गाडीचा पेट्रोल-पंप नेमका खालून ओढतो. टाकी, नळी, कार्ब्युरेटर असेल तर त्याचे बाउल, सगळं पूर्ण रिकामं करा. 'अर्धी टाकी राहू दे' हा सल्ला तुमच्या रोजच्या गाडीसाठी ठेवा. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात आणि मऊ पडतात, त्या एकदाच बदलून इथेनॉल सोसणाऱ्या बसवा.

मग गाडी स्टँडवर उचला, चाकं काढा. ती काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उन्हापासून आणि कॉम्प्रेसरच्या मोटरपासून लांब ठेवा. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, इंजिन हाताने फिरवा, एक्झॉस्टच्या आणि हवेच्या तोंडात चिंधी कोंबा, आणि त्या चिंधीला लाल फीत बांधून तिचं दुसरं टोक स्टिअरिंगला बांधा. क्लच पेडल एका फळीने दाबून ठेवलं तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटत नाही. ब्रेकच्या अॅल्युमिनियमच्या कॅलिपरमधले, हवा काढायचे लोखंडी निपल खाऱ्या हवेत असे जाम होतात की ऑक्टोबरात पान्याखाली तुटतात. त्यांच्या आट्यांना जाम-विरोधी पेस्ट लावा आणि रबरी टोप्या घाला. रॉड एंड, म्हणजे सस्पेन्शनच्या दांड्यांच्या टोकांचे गोल सांधे, पुसून हलकं तेल.

वर प्लॅस्टिकची ताडपत्री टाकू नका. आतली वाफ आतच राहते आणि गाडी शिजते. सुती चादर घाला. ओलावा ओढणारं यंत्र लावलंत तर तीनशे वॅटचं, दिवसाला बारा तास, चार महिन्यांत सुमारे ४४० युनिट होतात. युनिटला सहा रुपये धरले तरी तीन हजारांच्या आत. या लेखातला सगळ्यात वसूल होणारा खर्च हाच. मात्र त्याची बादली कुणीतरी ओतली पाहिजे, नाहीतर नळी लावून पाणी बाहेर सोडा.

आणि उंदीर. पावसात शेतातले सगळे आत येतात, आणि वायरिंगचं इन्सुलेशन त्यांना का आवडतं देव जाणे. पिंजरे लावा, आठवड्याला एक चक्कर मारा. चवथीच्या सुट्टीत घरचे पाहुण्यांत असताना एक तास गाळ्यात जाऊन इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, तेवढं पुरतं.

यात एक तिढा आहे. राष्ट्रीय शर्यतींचा हंगाम बहुतेक पावसाळ्याच्या महिन्यांतच सुरू होतो, कारण तेव्हा कोइमतूरला पाऊस तुलनेने कमी. चेन्नईला खरा पाऊस ऑक्टोबरनंतर. म्हणजे आपल्याकडे धो धो कोसळत असताना गाडी घाटातून न्यायची की नाही, हे मे महिन्यातच ठरवावं लागतं.

आठवी पायरी: आपटली तर?

गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत, वेगाची चाचणी, पेस-मेकिंग हे वगळलेलं असतं, आणि या गाडीला तर तोही नसतो. आपटली तर आपलीच. एका कोपऱ्याचं सामान कायम जवळ ठेवा: वरचं-खालचं विशबोन, एक पुशरॉड (स्प्रिंगकडे जाणारा दांडा), एक अपराइट (चाक ज्यावर बसतं तो भाग), एक चाक, एक नाक. शिवाय पन्नास हजार असे ठेवा की ज्यांना हात लावायचा नाही. ट्रॅकच्या बुकिंगच्या कागदात कठड्याचं नुकसान कुणी भरायचं ते लिहिलेलं असतं, सही करण्याआधी वाचा. स्वतःच्या अपघात विम्याच्या आणि आयुर्विम्याच्या अटीही एकदा काढून बघा, मोटर रेसिंगचं नाव तिथे सापडण्याची दाट शक्यता आहे.

नववी पायरी: बेरीज, आणि गाडी ठेवायची कुठे

कोइमतूरची एक फेरी जोडू. ट्रक ४९,०००. ट्रॅकचं भाडं दिवसाला बारा हजार धरून २४,०००. पेट्रोल ५,५००, टायर १३,३००, ब्रेक ५,०००, तेल ४,०००, इंजिनाचा साठा ९,०००. मेकॅनिक १२,०००. दोघांचं जाणं-येणं, राहणं, जेवण १५,०००. एकूण १,३७,००० च्या आसपास. त्यात गाडीने स्वतः खाल्लेले, म्हणजे पेट्रोलपासून इंजिनापर्यंतचे, जेमतेम ३७,०००. एकटा ट्रक त्याहून महाग.

वर्षाचा बांधलेला खर्च: गाळा ६०,०००, ओलावा यंत्र ३,०००, बॅटरी-चादर-किरकोळ ५,०००, अंगावरचं सामान ३०,०००, परवाना-कागद ५,०००. झाले १,०३,०००. वर्षाला चार फेऱ्या केल्या तर सगळं मिळून साडेसहा लाख आणि गाडी पळणार बारा तास. तासाला चौपन्न हजार.

आता तीच गाडी कोइमतूरमध्येच एखाद्या रेसिंग टीमच्या गॅरेजात ठेवली तर? ठेवणावळ महिन्याला आठ हजार धरा, वर्षाचे ९६,०००. इथला गाळा आणि यंत्राचे ६३,००० वाचले, ट्रकचे १,९६,००० वाचले. दर फेरीला विमानाचे आठ हजार जास्त धरले तर ३२,००० वाढले. निव्वळ वाचले १,३१,०००, आणि तास त्रेचाळीस हजारांवर आला. वर तिकडे वर्षभरात सहा-सातशे मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे तीन हजारांच्या घरात. गंजाचा अर्धा प्रश्न तिथेच संपतो.

म्हणून माझा सल्ला आहे की पहिली दोन वर्षं गाडी तिकडेच ठेवा. याला लोक नाराज होतात, कारण रविवारी गाळ्यात जाऊन गाडीखाली पडून राहण्यात अर्धं सुख असतं. ते मलाही पटतं. ज्याला ते सुख हवं आहे त्याने त्याचे सव्वा लाख वेगळे लिहावेत, ते ट्रॅकच्या खात्यात घुसडू नयेत. मधली वाट नाणोलीची आहे. तो ट्रॅक धरला तर ट्रकचं अंतर निम्म्यावर येतं आणि गाडी गोव्यात ठेवणं बरंच सुसह्य होतं.

दुसरा उपाय भागीदारी. दोघांत गाडी घेतली की गाळा आणि ट्रक निम्मा होतो, टायर-इंजिन मात्र निम्मं होत नाही, कारण तास दुप्पट होतात. तेव्हा बांधलेला खर्च सारखा वाटायचा आणि पळण्याचा खर्च वहीतल्या मिनिटांप्रमाणे. स्टॅम्पपेपरवर चार गोष्टी लिहून घ्या: ज्याच्या हातून आपटेल त्याने भरायचं, इंजिन फुटलं आणि चूक कुणाची हे कळलं नाही तर निम्मं-निम्मं, एकाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी ठरणार, आणि ट्रॅकवर पहिलं सेशन कुणाचं. हसू नका, भांडणं याच शेवटच्या कलमावरून होतात.